दहा परसांवर पाणी

शिडीला दारात वाकायची सवय होती. सवय कसली, शिक्षाच म्हणा. घराची चौकट त्याच्या बापानं स्वतःच्या मापानं बसवली होती, आणि बाप होता चारचौघांसारखा. पोरगा असा ताडमाड निघेल हे त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक! लग्न होऊन आली तेव्हापासून पायलीनं नवऱ्याच्या कपाळावर टेंगूळ नाही असा महिना पाहिला नव्हता. "देवानं उंची भरपूर दिली, पण अक्कल खालच्याच मजल्यावर ठेवली," असं म्हणत ती ओलं फडकं त्याच्या कपाळावर दाबायची.

दोघांची खरी नावं वस्तीत कोणी घेत नसे. तो विहिरी खोदायचा आणि कशाचा आधार न घेता निम्म्या विहिरीतून वर हात द्यायचा, म्हणून शिडी. ती बुटकी आणि गोल, धान्याच्या मापासारखी, म्हणून पायली. दोघं रस्त्यानं निघाली की ओट्यावरची माणसं हसायची. पायलीही हसायची. तिला त्या उंचीचा मनातून भारी अभिमान होता. गर्दीत, बाजारात, कुठंही नवरा हरवायचा नाही. मान वर केली की दिसायचा.

त्या वर्षी वस्तीच्या तोंडचं पाणी पळालं. विहिरीत बादली आधी खडकावर आपटायला लागली, मग तिच्यात चिखल यायला लागला, मग नुसता आवाज. काही घरांना कुलपं लागली. शाळेच्या मागे एक जुनी विहीर होती, कधीकाळी बुजलेली, वर दगडाचं झाकण. ती उपसावी असं पाणाड्यानं सांगितलं. पाणाड्या म्हणजे जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगणारा म्हातारा. अंगानं एवढासा, की पाठीमागून पाहिला तर शाळेत निघालेलं पोर वाटावं. त्यानं झाकणाच्या दगडाला कान लावला, बराच वेळ तसाच राहिला आणि म्हणाला, "दहा परसांवर पाणी आहे. त्याच्या अलीकडे थेंब नाही."

परस म्हणजे उभा माणूस. हात वर करून भिंतीला टेकायचं; टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत एक परस. वस्तीतल्या सगळ्या विहिरी अशाच मोजलेल्या. खोदणारा तळाशी उभा राहायचा, बोट पोचेल तिथं कोळशानं रेघ मारायचा, भिंतीतल्या खोबण्यांत पाय रोवत त्या रेघेपर्यंत चढायचा आणि पुन्हा हात वर करायचा. असं काठाच्या दगडाला बोट लागेपर्यंत. आणि एका विहिरीला माप एकाच माणसाचं. आज एकाचा हात, उद्या दुसऱ्याचा, असं केलं तर हिशेब कुठून जुळणार?

शिडी उतरला. वर कप्पीवर पायली. खालून तो पहार मारायचा, टिकावानं ओढायचा, बादली भरायचा आणि दोर हलवायचा. पायली दोर खेचायची, बादली काठावर घ्यायची, गाळाच्या ढिगावर पालथी करायची, रिकामी खाली सोडायची. तळहाताला घट्टे, खांद्यात कळ, पाठीवर ऊन. जुना गाळ मऊ होता, काम भराभर झालं आणि विहीर मापात आठ परस भरली. त्या दिवशी पायलीनं, बादली तळाला टेकलेली असताना, कप्पीजवळ दोराला एक लाल चिंधी बांधली. पुढं विहीर खोल जाईल तशी चिंधीही खाली जाईल, म्हणजे दिवसाचं काम डोळ्यांना दिसेल, एवढाच तिचा विचार.

त्याच संध्याकाळी लेक शाळेतून मोजपट्टी घेऊन आली. सातवीत होती, अंगानं आईवर गेलेली. घरातल्या वस्तू मोजायच्या आणि कशासाठी कुठलं एकक बरोबर ते ठरवायचं, असा अभ्यास होता.

"आई, चिमूटभर मीठ कशात मोजायचं?"

"चिमटीत."

"ग्रॅममध्ये गं. आणि घरापासून बाजार?"

"दोनदा बसावं लागतं."

"आई! किलोमीटरमध्ये."

"मग तूच जा की किलोमीटरमध्ये. मी आपली दोनदा बसून जाईन."

शिडी जेवताना हसला आणि त्याला ठसका लागला. लेक मात्र गंभीर होती. "बाई म्हणतात, जेवढी वस्तू तेवढं एकक घ्यावं. सुया मीटरमध्ये मोजल्या तर सगळ्या सुया शून्यच. मोठ्या एककात लहान फरक दिसत नाही. म्हणून घेताना विचार करायचा."

"मग बापाला कशात मोजणार?" शिडीनं विचारलं.

"माणूस सेंटीमीटरमध्ये."

बाप चौकटीत मावत नव्हता म्हणून दाराशेजारच्या भिंतीला उभा राहिला. लेकीनं पालथ्या बादलीवर चढून त्याच्या डोक्यावर कोळशाची रेघ मारली आणि पट्टी लावली. एकशे सत्त्याऐंशी. "बघ, तुझा बाप फुकटात केवढा मिळाला," पायली म्हणाली. त्या रात्री घर खुशीत झोपलं.

आठ परसांनंतर गाळाचा रंग बदलला. काळा जाऊन करडा आला, मऊ, लोण्यासारखा. आणि कोमट. पहिल्यांदा बादलीत हात गेला तेव्हा पायलीला वाटलं, आपलाच हात तापलाय. पण नाही, गाळच कोमट होता. विहिरीच्या पोटातून आलेली वस्तू गार असते हे तिला आयुष्यभराच्या कामानं माहीत होतं. तिनं काठावरून विचारलं, "अहो, खाली गरम होतंय का?"

"कुठलं! कुडकुडतोय मी," खालून आवाज आला.

काम चाललं होतं. संध्याकाळी शिडी मोजत वर यायचा आणि काठावर जमलेल्या लोकांना सांगायचा. सव्वाआठ. मग साडेआठ. लोक माना डोलवायचे, कोणी पाठ थोपटायचं. कुलूप लावून गेलेलं एक घर परतलं. शिडीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं खरं, पण ते फक्त बोलण्यापुरतं. विजारीची टोकं त्याच्या पायांत यायला लागली होती. पायलीनं ती दुमडून टाके घातले. कापड ताणलं असेल म्हणाली. सदऱ्याच्या बाह्या बोटांवर आल्या, तेव्हा म्हणाली, उपासमारीनं अंग उतरलंय. माणूस स्वतःला समजावायला निघाला की त्याला कारणं कमी पडत नाहीत.

त्यांचा कुत्रा रोज शिडीच्या खाटेखाली, पायांशी झोपायचा. तो तिथून उठून गाळाच्या ढिगावर झोपायला लागला. नाक गाळात खुपसून, शेपूट हळूहळू हलवत. पायलीनं हाका मारल्या, खायला दाखवलं, तरी हलला नाही.

"उबेला जात असेल," शिडी म्हणाला.

"एवढ्या उन्हाळ्यात?" पायलीनं विचारलं.

मग तो दिवस आला. पायली चुलीपुढं बसली होती. शिडी खांद्यावर पहार घेऊन आला, दारातून सरळ आत शिरला आणि खाटेवर बसला. पायलीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. हातातलं काम तसंच राहिलं. दाराकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं.

"अहो, तुम्ही वाकला नाहीत."

"मग? लागलं का कुठं?"

"नाही लागलं."

"मग रड कसली? इतकी वर्षं लागलं म्हणून बोलत होतीस, आता नाही लागलं म्हणून बोलतेस." तो हसला. पण हसता हसता त्याचा हात कपाळाकडे गेला आणि तिथंच राहिला.

त्याच वेळी लेक आली ती डोळे पुसतच. मोजलेली वस्तू पुन्हा मोजून पडताळा करा, असं बाईंनी सांगितलं होतं. लेकीनं सकाळी झोपलेल्या बापाला पट्टी लावली होती. एकशे अठ्ठ्याहत्तर आले, तेच तिनं प्रामाणिकपणे वर्गात सांगितलं. बाई म्हणाल्या, "अगं, माणूस काय साबण आहे झिजायला? नीट मोज." सगळा वर्ग हसला. बाईंचं काही चुकलं नव्हतं. कोणत्याही शहाण्या माणसानं तेच म्हटलं असतं. पण पोरीच्या जिव्हारी लागलं.

"मी नीटच मोजलं होतं," ती म्हणाली. "बाबा, उभे राहा."

"जेवू दे गं मला."

"उभे राहा ना!"

तो उभा राहिला. कोळशाची जुनी रेघ त्याच्या डोक्याच्या वर, भिंतीवर तशीच होती. लेकीला या खेपेला बादली लागली नाही. शिडीनं मान वर करून रेघेकडे पाहिलं, हात उंचावून ती बोटानं चाचपली. मग तो म्हणाला, "त्या दिवशी बादली हलली असेल तुझी," आणि पाट ओढून जेवायला बसला. पायलीनं वाढलं. आमटी पानाबाहेर सांडली.

विहीर नऊ परस झाली, आणि आठवड्याभरात साडेनऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पायली दोर धरून उभी होती आणि तिची नजर कप्पीवर गेली. लाल चिंधी कप्पीजवळच होती. बादली तळाला टेकलेली, दोर सैल पडलेला, आणि चिंधी जिथं बांधली तिथल्या तिथं. बोटभरही खाली गेली नव्हती. इतके दिवस बादल्यांमागून बादल्या वर आल्या होत्या, ढीग शाळेच्या खिडकीला टेकला होता, आणि विहीर होती तेवढीच होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. मग हे सगळं येत होतं कुठून?

तिनं ढिगाकडे पाहिलं. कुत्रा करड्या गाळाला चाटत होता, धन्याचे पाय चाटावेत तसा.

लोक गेल्यावर तिनं लेकीला हाक मारली. दोघींनी दोर काढून शाळेच्या मैदानात सरळ पसरला आणि चिंधीपर्यंत मोजपट्टीनं मोजला.

"एकोणीस मीटर," लेक म्हणाली. "आई, आठ परस होते तेव्हापण एवढाच होता ना?"

"एवढाच."

लेक गणितात हुशार होती. तिला सांगावं लागलं नाही. ती मैदानात मटकन बसली आणि दोराचं टोक दोन्ही हातांत धरून राहिली.

पायली तडक पाणाड्याच्या घरी गेली. म्हातारा एकटाच असायचा. घरात एकच खोली, त्यात एक खाट, आणि खाटेवर तो एका टोकाला मुटकुळं करून बसलेला. त्या खाटेवर त्याच्यासारखे दोन म्हातारे सहज झोपले असते. भिंतीला एक काठी होती, ती त्याच्या डोक्याच्या बरीच वर गेलेली. खुंटीवर जुना कोट होता, त्याची टोकं जमिनीला लागत होती. पायली आधीही या घरात आली होती. पण बघायचं म्हणून तिनं कधी बघितलंच नव्हतं.

"बाबा, हा कोट कुणाचा?"

"माझाच," म्हातारा म्हणाला. "तरुणपणी शिवलेला. बस."

ती बसली नाही. "तुम्हाला माहीत होतं."

"मी सांगितलं तेच खरं होतं. दहा परसांवर पाणी. जमीन खोल गेली तरी दहा होतात, माणूस लहान झाला तरी दहा होतात. विहिरीला दोन्ही सारखंच. खालचा दगड फुटण्यातला नाही, मग ती दुसरीकडून घेते. वस्तीतली ती आटलेली विहीर मी मोजली होती. मला वाटलं होतं, प्रत्येक वेळी असं होणार नाही."

"लोकांना कसं कळलं नाही?"

"लोक परसात मोजतात, पोरी. परसात मोजलं की विहीर वाढलेली दिसते. माझं उणं झालेलं कुणाला दिसणार?"

पायलीला त्याचा राग आला होता, आणि त्याच क्षणी त्याची दयाही आली. राग गिळून तिनं विचारलं, "पाणी लागलं की थांबतं ना?"

म्हाताऱ्यानं पाय हलवले. ते खाटेवरून लोंबत होते, जमिनीपासून हातभर वर. "थांबत असावं," तो म्हणाला. "मी नंतर स्वतःला मोजून नाही घेतलं. धीरच झाला नाही."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "माप बदलता येतं का? मधेच?"

"जो तळापासून काठापर्यंत अंगानं मोजेल, त्याचं माप. विहीर कुणाचं नाव विचारत नाही."

घरी आली तर शिडी खाटेवर पाय सोडून बसला होता. खाट त्याला पुरून उरत होती. तिनं सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाही तोंड उघडलं नाही, म्हणजे त्याला ठाऊक होतं हे तिला कळलं.

"कधीपासून?"

"टिकावाचा दांडा लांब वाटायला लागला तेव्हापासून," तो म्हणाला. "आणि खाली... खाली कुणीतरी मापं घेतंय असं वाटतं. शिंपी घेतो तसं. खांद्याला, गुडघ्याला गार बोटं लागतात. वळून बघावं तर भिंत."

"अहो! आणि तरी रोज उतरताय?"

"साडेनऊ झाले आज. अर्धा परस राहिलाय. वस्तीला काय तोंडानं सांगू, माझी विजार लांब झाली म्हणून काम सोडलं? परत आलेल्या लोकांना पुन्हा कुलपं लावायला सांगू?"

"मला वस्तीचं नाही सांगायचं. माझा नवरा गर्दीत दिसायचा. मान वर केली की दिसायचा. आता मान वर करायला लागत नाही मला, कळतंय का तुम्हाला?" ती रडायला लागली. शिडी उठला आणि तिच्यापुढं उभा राहिला. तिचं डोकं पूर्वी त्याच्या छातीला लागायचं. आता कपाळाला लागलं. दोघांनाही ते समजलं आणि दोघंही एकदम मागं सरली.

कोपऱ्यातून लेक बोलली. ती जमिनीवर कोळशानं हिशेब मांडत होती. "विहीर एकोणीस मीटर आहे. दहा परस व्हायला एक परस एक मीटर नव्वदचा हवा. बाबांना अजून आठेक सेंटीमीटर कमी व्हावं लागेल." मग ती उठून भिंतीला टेकली, हात वर केले. "पण तेवढ्या मापाचं माणूस घरात आधीच आहे की. माझा परस तर त्याहून लहान आहे. कुणी कमीच व्हायला नको. एककच लहान घ्यायचं. मी उतरते उद्या, आत्ताच दहाच्या वर..."

पायलीनं तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मारल्यावर तिनं पोरीला अशी घट्ट धरली की तिला श्वास घेता येईना.

"मला मोज," पायली म्हणाली.

"आई, नको."

"मोज म्हणते ना."

ती भिंतीला टेकून उभी राहिली, टाचा जमिनीला, हात वर. लेकीनं आधी डोक्यावर, मग बोटांच्या टोकाशी रेघ मारली, पट्टी लावली, आणि वरच्या आकड्यावर बोट ठेवून राहिली. शिडीनं मान वर करून पाहिलं. एक मीटर नव्वद.

"लोक मला उगाच पायली म्हणत नाहीत," ती म्हणाली. कोणी हसलं नाही.

सकाळी शिडी तिच्या आधी उठून विहिरीवर गेला होता. काठाच्या दगडावर बसून त्यानं कमरेला दोर गुंडाळला होता. ती आली तेव्हा म्हणाला, "तू वर थांब. काम माझं आहे."

"काम तुमचंच आहे. माप माझं."

"तुला काही झालं तर?"

"मला काय कमी होणार? आधीच कुठं जास्त आहे?"

शिडीनं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं कमरेचा दोर सोडला, तिच्या कमरेला बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. खोदणाऱ्याची गाठ होती ती, हिसका बसला तरी न सुटणारी. त्याचे हात आता तिच्या हातांएवढेच होते.

लोक जमले होते. बाईला कशाला उतरवता, असं कोणीतरी म्हणालं. शिडीची हिंमत संपली वाटतं, असंही कोणीतरी म्हणालं. शिडीनं ऐकलं आणि मान खाली घातली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना उत्तर देत बसायला पायलीला वेळ नव्हता. ती खोबण्यांत पाय टाकत उतरली.

खाली गारवा होता. वर आभाळ गोल ताटाएवढं झालं. भिंतीवर तिच्या नवऱ्याच्या रेघा होत्या, जुन्या रेघा एकमेकींपासून लांब लांब, नव्या रेघा जवळ जवळ आलेल्या. तळाशी करडा गाळ पोटरीपर्यंत होता आणि तो कोमट होता. त्यात उभं राहताना तिला अगदी नवऱ्याशेजारी झोपल्यासारखं वाटलं. तिनं भिंतीला पाठ लावली. आणि तेव्हा तिच्या टाचेला काहीतरी लागलं. गार, बारीक, बोटांसारखं. टाचेपासून गुडघा, गुडघ्यापासून कंबर, कमरेपासून खांदा, हळूहळू वर आलं. तिच्या उचललेल्या हाताच्या मधल्या बोटाशी येऊन थांबलं, आणि निघून गेलं. तिला ओरडायचं होतं. तिनं दात आवळले आणि कोळशानं रेघ मारली.

"एक!" ती ओरडली.

"एक!" वरून लोकांनी म्हटलं.

ती चढली, टाच रेघेवर आणून उभी राहिली, पुन्हा हात वर. दोन. तीन. पाय थरथरत होते, नखांत माती गेली होती, खांदे सुटतील की काय असं होत होतं. पाचाला ती थांबली. खालून आवाज येत होता. कोणीतरी झोपेत घोट घ्यावा, तसा. तिनं खाली पाहिलं नाही. सहा. सात. वर दोर धरून शिडी उभा होता. त्याचं तोंड तिला दिसत होतं आणि तो ओठांनी तिच्याबरोबर मोजत होता. नऊ म्हटल्यावर वरचे लोक गप्प झाले, कारण शिडीला नऊ मोजून झाल्यावर काठ जवळ असायचा आणि हिला अजून भिंत शिल्लक होती.

तिनं टाच शेवटच्या रेघेवर ठेवली, हात वर केला, आणि बोट काठाच्या दगडाला लागलं. बरोबर टोकाला. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही.

"दहा," ती म्हणाली. ते ओरडून सांगायला तिच्यात त्राण नव्हतं.

खाली काहीतरी फुटलं. मग खळखळाट. शिडीनं तिला काखेत धरून वर ओढलं तेव्हा पाणी तळाच्या पहिल्या रेघेवरून गेलं होतं. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, बायका घागरी आणायला धावत होत्या. शिडी आणि पायली काठावर बसून होती. कुत्रा गाळाच्या ढिगावरून उठला, दोघांना हुंगून गेला आणि पुन्हा ढिगावर जाऊन बसला.

पाणी गोड लागलं. कुलपं उघडली. शाळेत बाईंनी मुलांना हात धुवायला लावले आणि बादलीत किती लिटर ते विचारलं. गाळाचा ढीग शिडीनं कोणाला नेऊ दिला नाही. त्यानं त्याला कुंपण घातलं. लोक हसले.

शिडी वाढला नाही, पण त्याहून कमीही झाला नाही. लेक दर रविवारी त्याला मोजायची. एकशे अठ्ठावन्न, पुन्हा एकशे अठ्ठावन्न. कधी कधी दारातून येताना तो आपला वाकायचा. चौकट वीतभर उंच राहायची, तरी वाकायचा. एकदा त्याच्या कपाळावर पायली उगाच ओलं फडकं दाबून बसली आणि त्यानंही बसू दिलं.

उन्हाळा कडक होता आणि वस्ती पाणी उपसत होती. विहिरीची पातळी मात्र हलत नव्हती. किती घागरी काढा, सकाळी पाणी जिथल्या तिथं. "देवाची कृपा," लोक म्हणायचे. पायलीही म्हणायची. पण लुगडं नेसताना निऱ्या पूर्वीपेक्षा जास्त पडतात, असं तिला वाटायला लागलं होतं. मडकं ठेवायच्या फळीला हात पोचवायला टाचा उचलाव्या लागत होत्या. फळी पूर्वीपासूनच उंच असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

एका रविवारी बापाचं मोजून झालं तेव्हा ती आपणहून भिंतीला उभी राहिली. "माझंही घे."

लेकीनं डोक्यावर कोळसा टेकवला, पट्टी लावली, आकडा पाहिला. मग पुन्हा पाहिला. मागच्या रेघेवर तिनं आपला तळवा ठेवला होता आणि तो ती उचलत नव्हती. शिडी खाटेवरून उठून उभा राहिला.

"किती?" पायलीनं विचारलं.

"तेवढीच आहेस, आई."

"आकडा सांग."

लेकीनं पट्टी गुंडाळली. गुंडाळायला तिला फार वेळ लागला.

"दीड मीटर," ती म्हणाली. "आजपासून तुला मीटरमध्येच मोजायचं."